सोलापुरी चादर एवढी प्रसिद्ध कशी झाली आणि आता दुकानात खरी चादर सहज का मिळत नाही?

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढलो, म्हणून उत्तर देतो.

सेलच्या फलकावर ‘शेकडो वर्षांची परंपरा’ असं लिहिलेलं असतं, ते चादरीपुरतं तरी सोडून द्या. विणकाम इथं जुनंच. साळी, कोष्टी, मोमीन पूर्वीपासून विणत आले. पण हातमागावरचा मुख्य माल होता लुगडी. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली (तिला आम्ही जुनी मिलच म्हणतो) आणि निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरंच्या घरं इकडे आली. कुणी गिरणीत लागलं, कुणी घरातच माग मांडला. पुरुष मागावर, बायका कांड्यांवर सूत भरायला किंवा विड्या वळायला. आजही आमच्या भागात घरात तेलुगू, दुकानात मराठी चालते आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. चादरीचं नाव झालं ते या लोकांमुळे. पुष्कळांना ती गिरण्यांचा माल वाटते, तसं नाही.

लुगड्यांचं गिऱ्हाईक घटत गेलं तसे मागवाले चादरीकडे वळले, पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. खरी किमया जकार्डची, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रणेची. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. ज्या जागी भोक, तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा उचलला जातो आणि आडवा दोरा नेणारा धोटा त्याखालून जातो. मोर, वेलबुट्टी, चौकड्या, सगळं त्या पुठ्ठ्यांत आधीच लिहिलेलं असतं. शिवाय चादरीची वीण दुहेरी: दोन रंगांचे दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या जागी खालीवर होतात. म्हणून एका बाजूला लालावर पांढरा मोर असेल, तर उलटीकडे पांढऱ्यावर लाल मोर. जाडपणाही त्यामुळेच. चाटला, पुलगम ही कारखान्यांची नावं घरोघरी पोचली, कारण ती चादरीतच विणलेली असायची. जाहिरात गिऱ्हाइकाच्या अंथरुणावर रोज उघडी!

गंमत म्हणजे उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या गावात हे जाडजूड पांघरूण तयार होतं. विकलं जायचं ते महाराष्ट्रभर. चाळीतल्या खोलीत रात्री अंथरूण पसरायचं, सकाळी वळकटी करून कोपऱ्यात. त्या राहणीला एका माणसापुरती, अंथरायला आणि पांघरायला दोन्हीकडे चालणारी, दहा-पंधरा वर्षं न फाटणारी चादर चपखल होती. आहेरात चादर, पतसंस्थेच्या सभेत सभासदांना चादर, एसटीच्या प्रवासात चादर.

मग घरात डबलबेड आला. त्याला मोठं, पातळ, छापील बेडशीट लागतं, सोबत दोन उशांचे अभ्रे. चादर त्या मापात बसेना. पांघरायला पानिपतची मऊ मिंक ब्लँकेटं स्वस्तात आली. दुकानंही बदलली. पूर्वी चाटी गल्लीतला दुकानदार गादीवर बसून घडी उलगडून दाखवायचा, गिऱ्हाईक हातात तोलून भाव करायचं. आता पारदर्शक पिशवीत बंद माल. आत काय आहे ते हाताला कळतच नाही. माझ्या मते चादरीचं सगळ्यात जास्त नुकसान या पिशवीनं केलं. बरेच यंत्रमागवाले टर्किश टॉवेलकडे गेले, त्याला निर्यात आहे. चादर आणि टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मंगल कार्यालयात लागणाऱ्या ‘सोलापुरी चादर सेल’मध्ये कुठून कुठून आलेला माल त्याच नावानं खपतो. मानांकनाचा कागद तिथं कोण विचारतो?

घेताना घडी पूर्ण उलगडा. उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल झालेली, पण नक्षी तितकीच स्वच्छ दिसायला हवी. मागे लोंबते दोरे असतील किंवा नक्षी छापलेली असेल, तर ठेवून द्या. कारखान्याचं नाव विणलेलं आहे की नुसतं लेबल शिवलंय, ते बघा. कडेचा एक दोरा काढून जाळा: सुती असेल तर कागद जळाल्याचा वास आणि भुरभुरीत राख, पॉलिस्टर असेल तर वितळून टणक मणी होतो. दुकानदार जाळू देत नसेल, तर दोरा घरी आणून जाळा आणि चादर दुसऱ्या दिवशी घ्या. एकट्या वजनावर मात्र जाऊ नका, खळ चढवूनही कापड जड करता येतं. एक धुणं झालं की ते कळतं.

सोलापुरात आलात, तर स्टेशनबाहेर घाईनं घेऊ नका. रिक्षा करून पूर्व भागात या, कारखान्यांची स्वतःची विक्री दुकानं आहेत. भाव थोडा सांभाळूनच करा, आमच्याकडे घासाघीस दोन भाषांत चालते.