घरच्या कामाला चेनसॉ कोणती?

प्रश्न: घराभोवती आंबा, फणस, काजूची झाडं आहेत. पावसात मोडलेल्या फांद्या आणि जळण तोडायला चेनसॉ हवी आहे. दुकानदार 58 सीसीची 22 इंची मशीन स्वस्तात देतो आहे. घ्यावी का?
(एक वाचक, ता. गुहागर)

उत्तर: नको. या कामाला 35 ते 45 सीसी आणि 16 इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) पुरतो. फांद्यांच्या गर्दीत लांब बारचं टोक नजरेआड जातं. टोकाची वरची कड कशाला लागली की मशीन उसळून तोंडाकडे येते. म्हणून चेनब्रेक, म्हणजे मशीन उसळताच चेन थांबवणारा ब्रेक, नसलेली मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नका.

काम घराजवळच असेल तर विजेवरची 2000 वॉटची मशीन पाहा. ती जवळपास 9 अँपियर ओढते, म्हणजे 6 अँपियरचा प्लग चालणार नाही. 30 मीटर वायर ओढायची तर ती 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि वाइंडिंग जळतं. ओल्यात ही मशीन वापरायची नाही.

पेट्रोलची घेताना दुकानातच चालू करायला लावा. आयडलवर, म्हणजे रेस न देता, चेन फिरता कामा नये. मग बारचं टोक पुठ्ठ्यासमोर वीतभर धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर तेलपंप काम करत नाही, आणि असा बार थोड्याच दिवसांत निळा पडतो. चेन, बार, स्टार्टरची दोरी, कार्बोरेटरचा डायफ्रॅम तालुक्याला मिळतो का, हेही विचारा. सुटे भाग मिळणार नसतील तर नाव कितीही मोठं असो, उपयोग नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच. 1:50 म्हणजे लिटरला 20 मिली, 1:25 म्हणजे 40. तेल कमी पडलं की पिस्टन धरतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, रबरी भाग खराब करतं. म्हणून मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. चेनच्या तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं तेल ओतू नका. त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बार झिजतात.

गॉगल, कानाला संरक्षण, जाड बूट हवेतच. शिडीवर चढून चेनसॉ चालवू नये. उभा आंबा किंवा फणस तोडायचा असेल तर आधी वनखात्याची परवानगी. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत दोन्ही आहेत.

प्रश्न: चेन नवी, तरी काप एका बाजूला वळतो. कशामुळे?

उत्तर: एका बाजूचे दात बोथट झालेत, बहुधा दगडाला किंवा खिळ्याला लागून. सगळ्यांत आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्याइतके घासा. कानस गोल, कोन 30 अंश. 3/8 लो-प्रोफाइल चेनला 4 मिलिमीटरची कानस, .325 ला 4.8 ची (3/8 आणि .325 ही चेनच्या पिचची इंचातली मापं). लाकडाचा चुरा पिठासारखा पडू लागला की धार गेली समजा. जोर लावत बसू नका, मशीन थांबवून कानस हातात घ्या. नारळाच्या सोटावर धार फार लवकर जाते.