आयटीच्या विद्यार्थ्यांना क्षमताधारित उद्योजकता शिकवायची म्हणजे वर्गात नेमकं काय करायचं?

थोडक्यात सांगायचं तर, किती धडे संपले याऐवजी विद्यार्थ्याला काय करता येतं हे तपासायचं. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये ‘एंट्रेकॉम्प’ ही उद्योजकतेच्या क्षमतांची चौकट मांडली. तिच्यात ३ क्षेत्रांत १५ क्षमता आहेत. संधी हेरणं, पैशाचं भान, अनिश्चितता हाताळणं वगैरे. आराखड्यासाठी ती चांगली आहे.

पण आयटीच्या मुलांचं अडतं ते कोडिंगपाशी नाही. ती आधी अ‍ॅप बनवतात आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतात! म्हणून सुरुवातीचे काही आठवडे लॅपटॉप बंदच ठेवा. समजा, एका गटाला किराणा दुकानाच्या उधारीसाठी अ‍ॅप करायचं आहे. मग आधी दुकानात उभं राहून पाहायचं: उधारी कोण लिहितं, वसुली कधी होते, कुठली नोंद राहून जाते. कागदावर स्क्रीन काढून दाखवायचे आणि थेट विचारायचं, ‘महिन्याला शंभर रुपये द्याल का?’ नुसतं ‘छान आहे’ म्हणाले, तर तो होकार धरू नका. गुण द्यायचे ते या नोंदींना आणि नकार ऐकून गटाने काय बदललं त्याला.

सॉफ्टवेअर परवाने मात्र आवर्जून शिकवा. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचा कोड मिसळून केलेलं उत्पादन इतरांना दिलं किंवा विकलं, तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. एमआयटी परवान्यात ही अट नाही.

लेखी परीक्षा घ्यावीच लागली, तर सर्व्हरचं भाडं धरून किती ग्राहकांवर खर्च निघेल, हा हिशेब मांडायला लावा.