विमान हललं की जीव घाबरा होतो

प्रश्न : लेक पुण्याला बाळंत झाली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून विमानानं लवकर पोचता येईल, पण मागच्या खेपेला विमान फार हललं. आता नुसत्या विचारानं तळहाताला घाम सुटतो. काय करू? – एक आजी, प्रतापनगर

उत्तर : आजी, मलाही ही भीती होती. तिकीट सकाळचं काढा. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, गरम हवा वर उसळते आणि विमान हलतं. जागा पंखाजवळची मागा, शेपटीकडे धक्के जास्त जाणवतात. पंख वाकताना दिसला तरी भिऊ नका, तो लवचीकच बनवलेला असतो. मी पट्टा घट्ट बांधते, चार मोजत श्वास घेते, सहा मोजत सोडते आणि रुमालाच्या काठाची शिवण बोटांनी चाचपत राहते. छातीत धडधडण्याचा त्रास एरवीही होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.