मायोग्लोबिन वाढवणारी पावडर घेतली तर स्नायू आणि हृदय मजबूत होतात का? जिममध्ये सुचवली आहे.

नाही. मायोग्लोबिन हे प्रोटीन आहे, खाल्लं तर पोटात पचून जाणार. ते उचलून मांडीत नेऊन बसवत नाही कुणी.

त्याची जागा स्नायूच्या पेशीच्या आत. हिमोग्लोबिनने आणलेला ऑक्सिजन ते धरून ठेवतं आणि पेशीत ऑक्सिजन फारच कमी झाला की सोडतं. हृदय आकुंचन पावताना स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतं, तेवढ्या क्षणाला हा साठा कामी येतो. पण १९९८ साली मायोग्लोबिनच नसलेले उंदीर तयार केले, तर ते जगले आणि पळालेही! तेव्हा त्याला फार डोक्यावर घेऊ नका.

आता तुमच्या जिमबद्दल. मी लॅब टेक्निशियन. माझ्या धाकट्या मावसभावाला ट्रेनरने पहिल्याच दिवशी पाय लटपटेपर्यंत स्क्वॅट्स मारायला लावले. तिसऱ्या दिवशी मांड्या दगड झालेल्या, लघवी कोऱ्या चहासारखी. लघवी तपासायची स्ट्रिप बुडवली, रक्त दाखवणारा चौकोन गडद हिरवा. सॅम्पल मशीनमध्ये वेगाने फिरवून खालचा गाळ स्लाइडवर घेतला, तर लाल पेशी एकही नाही. स्ट्रिपला हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. स्नायू फुटून मायोग्लोबिन लघवीत उतरलं होतं, आणि ते किडनीला घातक. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, मुतखडा असेल. मी म्हटलं, सर, सीपीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) करूया. 'रिपोर्ट द्या, निदान आम्ही करतो.' शेवटी वरिष्ठांना फोन केला. सीपीके लाखाच्या घरात! एरवी साधारण दोनशेच्या आत असतो. सलाइनवर सलाइन लावून किडन्या वाचल्या.

ट्रेनर अजून सांगत फिरतो की पोरगं पाणी कमी प्यायलं. आणि मावशीला ते पटतं! पाणी कमी प्यायल्याने किडनीचे हाल वाढतात, कबूल. स्नायू मात्र त्याच्या स्क्वॅट्सनी फुटले. अंग दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही, असं म्हणणारा माणूस पावडर सुचवतो तेव्हा दोन्ही नाकारा.

हो, हे क्वचितच होतं, नेहमीच्या अंगदुखीला घाबरू नका. व्यायाम हळूहळू वाढवला तर हृदयाला फायदाच आहे. दम लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल, तिथे ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रोटीन, बघतात. मायोग्लोबिन लवकर वाढतं खरं, पण मांडीतून आलं की हृदयातून ते सांगत नाही. आणि व्यायामानंतर लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मुतखडा समजून नुसत्या सोनोग्राफीवर भागवत असतील तर सीपीके आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करायला सांगा, कुणी हिणवलं तरी.