कॉलेज बेसबॉलमध्ये होम रन कमी-जास्त होतात ते मैदानाच्या मापामुळे की वाऱ्यामुळे?

तुम्ही जूनमध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी कॉलेज बेसबॉलची अंतिम स्पर्धा, बघायला अमेरिकेतल्या ओमाहाला निघालाय, तिथे होम रन (चेंडू थेट मैदानाच्या भिंतीपलीकडे मारणं) फार होत नाहीत असं कानावर आलंय, आणि याला मोठं मैदान कारणीभूत की वारा हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. वारा. त्याच्या जोडीला बॅट आणि चेंडू. भिंतीचा नंबर त्यानंतर लागतो. इतकं ठासून सांगतोय कारण माझा एक जुना मित्र दर जूनला "भिंत दहा फूट पुढे घ्यायला हवी होती" हेच पालुपद लावतो, आणि ओमाहाचा इतिहास त्याच्या नेमका उलट बोलतो.

2010 पर्यंत स्पर्धा रोझेनब्लाट स्टेडियममध्ये व्हायची. बॅटरपासून भिंतीपर्यंत फाउल लाइनवर, म्हणजे दोन्ही कडेच्या रेषांवर, 335 फूट, सेंटरला, म्हणजे समोर मधोमध, 408. 2011 साली ती शहराच्या मध्यभागी बांधलेल्या नव्या मैदानावर आली, ज्याला आज चार्ल्स श्वाब फील्ड म्हणतात. तिथलं माप? 335 आणि 408. मुद्दाम तेच ठेवलं. आता आकडे बघा. 1998 साली रोझेनब्लाटवर 14 सामन्यांत 62 होम रन झाले. 2013 साली नव्या मैदानावर 14 सामन्यांत 3. पुढच्या वर्षी 16 सामन्यांत पुन्हा 3, आणि त्यातला तिसरा म्हणजे व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या जॉन नॉरवुडने निर्णायक सामन्यात मारलेला, ज्यावर विजेतेपद ठरलं. भिंत तेवढ्याच अंतरावर असताना 62 चे 3 झाले, तर दोष भिंतीला कसा द्यायचा?

बदललं ते वेगळंच. 2011 लाच एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या अमेरिकी नियामक संस्थेने, बीबीकॉर बॅटचा नियम आणला. जुन्या धातूच्या बॅटची पोकळ नळी चेंडूला स्प्रिंगसारखी उसळवायची, ती उसळी लाकडी बॅटच्या जवळ आणून ठेवली. बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग ताशी एक मैलाने घटला की अंतर साधारण पाच फूट घटतं, यावरून हिशेब करा. दुसरं म्हणजे मैदानाचं तोंड. नव्या मैदानावर होमप्लेटवरून (बॅटर उभा राहतो तिथून) सेंटरकडे बघितलं की तोंड साधारण आग्नेयेला येतं, आणि ओमाहात उन्हाळ्यात वाहतो तो बहुतकरून दक्षिणेचा वारा. म्हणजे बॅटरच्या तोंडावर.

इथे थोडं बारकाईने बघण्यासारखं आहे. तोंड आग्नेयेला म्हटल्यावर राइट फील्डची (बॅटरच्या उजवीकडची) फाउल लाइन जवळजवळ दक्षिणेला जाते आणि लेफ्टची पूर्वेला. निव्वळ दक्षिण वारा असेल तर राइटकडे उंच मारलेला चेंडू थेट वाऱ्यावर आपटतो, आणि लेफ्टच्या लाइनवरच्या चेंडूला तोच वारा नुसता आडवा लागतो. त्यामुळे चेंडू राइटकडे ओढणाऱ्या डावखुऱ्या बॅटरचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. चेंडू लेफ्टकडे ओढणारा उजवा बॅटर बऱ्यापैकी सुटतो. सगळं मैदान सारखंच "मोठं" आहे असं म्हणणाऱ्यांच्या हे कधी लक्षातच येत नाही.

चारशे फूट जाणाऱ्या चांगल्या फटक्याला ताशी 5 मैलांचा पाठीमागचा वारा सुमारे 19 फूट वाढवून देतो. समोरचा वारा तेवढेच किंवा थोडे जास्तच काढून घेतो. म्हणजे मित्राची दहा फूट पुढे आणलेली भिंत अडीच-तीन मैलांच्या झुळुकीत फस्त. वारा तिरका, 45 अंशांत असेल तर त्याचा सत्तर टक्के परिणाम धरा. पूर्ण आडवा असेल तर अंतरात फारसा फरक पडत नाही, पण लाइनजवळचा चेंडू फाउलमध्ये ढकलला जातो. उंच फटका हवेत जास्त वेळ राहतो म्हणून समोरच्या वाऱ्यात त्याचीच जास्त माती होते, खालून सपाट गेलेला चेंडू निभावतो.

भिंत हलवण्याची मागणी तेव्हा प्रशिक्षकांकडूनही झाली होती. एनसीएएने ती न हलवता 2015 मध्ये चेंडूच बदलला. शिवणीची उंची 0.048 इंचांवरून 0.031 वर आणली. यंत्रातून ताशी 95 मैल वेगाने, 25 अंशांत सोडलेला जुना चेंडू सरासरी 367 फूट जायचा, नवा 387 गेला. एका शिवणीत वीस फूट! हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

मापाला काहीच अर्थ नाही असं मात्र नाही. टेनेसी विद्यापीठाच्या घरच्या मैदानावर लाइनला 320 आणि सेंटरला 390 फूट आहेत, आणि 2024 मध्ये त्यांनी हंगामात 184 होम रन मारले. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) 1997 चा 188 चा विक्रम तेवढा वाचला. पण त्याच वर्षी ओमाहाला येऊन विजेतेपदही त्यांनीच नेलं, तेव्हा सगळं श्रेय छोट्या मैदानाला देऊ नका. भिंतीची उंचीही मोजा. चेंडू खाली येताना बऱ्यापैकी तिरका येतो, म्हणून भिंत एक फूट उंच केली की ती एक ते दीड फूट मागे नेल्यासारखंच होतं.

हे आकडे ढोबळ आहेत आणि जोरदार फटक्यांसाठीच आहेत. शिवाय तापमान 10 अंश फॅरनहाइटने वाढलं की तीनेक फूट मिळतात, त्यामुळे फेब्रुवारीच्या थंडीतले होम रन जूनच्या उकाड्याशी ताडून बघू नका. समुद्रसपाटीपासून दर हजार फूट उंचीला साधारण सहा फूट वाढतात, म्हणजे उंचावरच्या अल्बुकर्की शहरात तीसेक फूट फुकट. दमट हवा जड असते हा गैरसमज काढून टाका, ती किंचित हलकीच असते.

तिकीट काढण्याआधी ओमाहाच्या एपली विमानतळाचा वारा बघा. दिशा अंशांत दिलेली असते, आणि ती वारा जिकडून येतो ती. 180, म्हणजे दक्षिणेचा वारा, दिसला तर लेफ्ट फील्डच्या मागे बसा. पाऊस होऊन वारा उत्तरेचा झाला, 340 ते 360 दाखवायला लागला, तर राइटकडची जागा घ्या आणि ग्लोव्ह बरोबर ठेवा. स्टेडियममध्ये गेल्यावर वरच्या खांबावरचा झेंडा बघा, खालचे नकोत, कारण खाली स्टँडचा आडोसा असतो आणि चेंडू त्याच्या वरून जातो.