दुधीचा रस कडू होता, तरी प्यायले

"मॅडम, मला नेमकं काय सूट होईल ते एकदाचं सांगून द्या न."

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की, आत येणाऱ्याच्या हातातली रिपोर्टांची फाइल पाहिली की ते आधीच ऐकू यायला लागतं. कोणी केटो करून थकलेलं असतं, कोणी सोळा तासांच्या उपासाने चिडचिडं झालेलं. आणि प्रत्येकाच्या नात्यात एक तरी माणूस असा असतोच, ज्याला तेच सगळं 'मस्त लागू पडलं'.

वैशालीताई (नाव बदललंय) फेब्रुवारीत आल्या. वय ४७, सरकारी कचेरीत नोकरी, घर त्रिमूर्ती नगरात. उपाशीपोटीची साखर ११२, एचबीएवनसी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१. हा आकडा ५.७ ते ६.४ असला की मधुमेह झालेला नसतो, पण उंबरठ्यावर असतो. डॉक्टरांनी गोळी दिली नव्हती. चाला, वजन थोडं उतरवा, तीन महिन्यांनी पाहू, एवढंच म्हणाले होते. माझ्याकडे त्या आल्या झोप उडाली म्हणून.

"दीड वर्षात नऊ गोष्टी करून पाहिल्या मी." त्यांनी बोटांवर मोजून दाखवल्या. मेथीचं पाणी, व्हिनेगर, झुंबा, यजमानांसोबत पहाटे पाचला अंबाझरी तलावावर चालणं, रोज दहा हजार पावलं... "सगळ्यांना जमते. माझ्यातच काही कमी आहे बहुतेक."

(दहा हजारांचा आकडा वेदांत नाही हो. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. आकडा तिथून जगभर गेला. चालणं चांगलंच, पण सात हजारांवर थांबलेला माणूस नापास होत नाही.)

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीत मी त्यांना झोपण्याआधी दहा मिनिटं श्वासाचा सराव दिला. पुढच्या वेळी त्या वही घेऊन आल्या. पट्टीने आखलेले रकाने, सातही दिवस बरोबरच्या खुणा.

"झोप लागते?"

"नाही लागून राहिली. पण तुम्ही सांगितलं म्हणून केलं सगळं."

त्यांच्या यादीत दहावी मी होते.

चौथ्या भेटीला त्यांचा चेहरा उतरलेला होता. शनिवारी खूप उलट्या झाल्या म्हणाल्या.

"काय खाल्लं होतं?"

"दुधीचा रस घेतला, उपाशीपोटी. जरा कडू होता."

"जरा म्हणजे?"

"कारल्याहून जास्त. पहिल्या घोटालाच थुंकावंसं वाटलं."

"मग?"

"व्हिडिओत सांगितलं होतं न, पूर्ण ग्लास घ्यायचा म्हणून. डोळे मिटून संपवला."

कडू दुधीत कुकुरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात. त्यांनी जबर उलट्या-जुलाब होतात, रक्तदाब कोसळतो, माणसं दगावलीही आहेत. रस कडू लागला की फेकायचा, आणि पोटात गेला असेल तर लगेच दवाखाना गाठायचा. हे त्यांना स्पष्ट सांगितलं, डॉक्टरांना फोन करायला लावला. मग विचारलं, "वैशालीताई, त्या घोटाला खरं कोण बोलत होतं? जीभ, की व्हिडिओ?"

त्या गप्प झाल्या. मीही काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं मला जमायला बरीच वर्षं लागली, आणि आता जमतं याचं थोडं कौतुकही आहे मला. बाहेर शंकर नगर चौकाकडची रहदारी चालू होती. त्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"जीभ," त्या म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "पण जिभेला कोण विचारते हो?"

आणि मग रडल्या. सासूबाईंचं बिनतिखटाचं, यजमानांचं कमी मिठाचं, मुलाचं झणझणीत, असा तीन चवींचा स्वयंपाक त्या वीस वर्षं करत आल्या होत्या. स्वतःला काय आवडतं, हे त्यांना त्या दिवशी पटकन सांगता येईना.

माझी बैठक कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. माणसाची मोजपट्टी त्याच्याच हातात परत द्यायची, एवढं मला त्यांच्याकडून कळलं. पण नुसतं 'शरीराचं ऐका' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. साखर ११२ झाली तर कुठेही दुखत नाही, वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच बोलत नाही. तिथे जीभ मुकी असते आणि रिपोर्ट बोलतो. माझ्या लेखी हे दोन साक्षीदार खरे. मावसबहिणीला काय लागू पडलं, ही ऐकीव गोष्ट.

त्या दिवशी आम्ही त्यांची आधीच्या प्रयोगांची जुनी वही चाळली. फुल्याच फुल्या. एका पानाच्या कोपऱ्यात मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'गाडी पंक्चर. प्रताप नगरहून पायी. झोप छान.'

"हे काय?"

"ते काही व्यायाम नव्हता न. मैत्रीण सोबत होती, गप्पा करत आलो."

आठवड्याला १५० मिनिटं जरा दमदार चालणं पुरेसं मानतात. अर्ध्या तासाचा तो रस्ता पाच दिवस चाललं की तेवढं होतं. पहाटे पाच ही यजमानांची वेळ होती. यांचं शरीर संध्याकाळी उघडत होतं. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं, तेव्हा दिवेलागणीनंतरचं चालणं सोयीचंच.

विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगते. एका वेळी एकच बदल, निदान तीन आठवडे. नऊ गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. झोप, चारच्या सुमाराची भूक, जिना चढताना लागणारा दम, यांतली एखादी खूण स्वतः निवडायची आणि तीच पाहायची. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, ते दर पंधरा दिवसांनी करून काळजाला घोर लावू नये. घरच्या ताटात न बसणारा आहार टिकत नाही. महिन्यातून एकदा सावजी खाणाऱ्या घराने ते धरूनच हिशेब करावा. आणि चालू गोळ्यांवर प्रयोग नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबचा उपास धरू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

मेअखेरीस वैशालीताईंचं एचबीएवनसी ५.९ आलं. चमत्कार वगैरे नाही. झोप मात्र बरीच सुधारली होती. श्वासाचा सराव त्यांनी सोडून दिला, आणि तसं मला तोंडावर सांगितलं.

जुलैत त्यांचा फोन आला. पाऊस लागून बसला होता, संध्याकाळचं चालणं बंद पडलं होतं. आता 'काय करू' येणार म्हणून मी मनात उत्तर जुळवायला लागले.

"विचारत नाही हो मॅडम, सांगून राहिले. कचेरीचे चार मजले जिन्याने चढते आता. आणि काल भजी केली होती. मला आवडते तशी, तिखट."