वाचकांचे प्रश्न : कृतज्ञतेची वही कोरडी का वाटते?

प्रश्न : मुले नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघेच असतो. मन प्रसन्न राहावे म्हणून मी रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहू लागले. आता मात्र ‘चहा, नातवाचा फोन, शांत झोप’ असे तेच ते लिहिले जाते आणि आत काहीच हलत नाही. मी कृतघ्न झाले आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. जे सुख रोज मिळते ते मनाच्या अंगवळणी पडते, हे मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मध्येच मांडले होते. वहीचेही तसेच होते. एमन्स आणि मॅक्कलॉ यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी अशा नोंदी आठवड्यातून एकदाच केल्या होत्या, आणि तरीही कटकटींची नोंद ठेवणाऱ्यांपेक्षा ते आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी दिसले. तेव्हा रोजचा नेम खुशाल सोडा.

आठवड्यातून एकदा, एकच गोष्ट, पण सविस्तर लिहा. ‘जेवण छान झाले’ एवढ्यावर थांबू नका. भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखट उखळात कुटताना दाण्यांना तेल कसे सुटते, तांबूस चटणीचा गोळा कसा जमतो, तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा सोडवताना बोटांना वाफ कशी लागते, हे आठवून लिहिले की तो घास पुन्हा चाखल्यासारखा वाटतो. ती ज्वारी आपल्या जिल्ह्यातल्या कुणीतरी परतीच्या पावसाच्या ओलीवर पिकवलेली असते, हेही मग ओघानेच मनात येते.

माझ्या मते कृतज्ञतेला समोर माणूस लागतो. नळाला पाणी येण्याच्या दिवशी आपल्या घरी अवेळी उठून पिंप कोण भरते? यजमान भरत असतील, तर ते वहीत लिहिण्याआधी त्यांनाच सांगा.

मुलांच्या आठवणीने जीव कासावीस झाला, तर तेही त्याच पानावर लिहा. ती खंत चांगल्या गोष्टींच्या यादीखाली दडपू नये. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि भूक किंवा झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे.